सासूबाईंच्या कानातला धवला

आमच्या हरेशना छंद एकच, आणि तो कानाचा. पावणे गावच्या एमआयडीसीत ते एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहेत. दिवसभर प्रेस मशीनचा दणदणाट ऐकून आलेल्या माणसाला घरी शांतता हवीशी वाटेल, तर यांना हेडफोन लागतो. नवा फोन घेतला त्याला हेडफोनची पिन घालायची जागाच नव्हती. दोन दिवस तोंड पाडून बसले आणि मग ऑनलाइन एक डॉंगल मागवला. करंगळीएवढी धातूची डबी. तिची आखूड वायर फोनच्या चार्जिंगच्या जागी घालायची आणि दुसऱ्या टोकाला आपला मोठा हेडफोन. फोनचा आवाज या डबीतून ताकद घेऊन कानात जातो म्हणे.

"सुचिता, ऐक. गाणारा श्वास घेतो तो पन ऐकू येतो," असं म्हणत त्यांनी तो हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला.

मी म्हटलं, मला कुकरची शिट्टी ऐकू आली तरी पुष्कळ आहे.

माझ्या सासूबाई, सुमित्राबाई, धवलारीण आहेत. आगरी लग्नात देवांना आवतण देण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला धवला लागतो आणि तो धवलारीण गाते. ती एक ओळ म्हणते, भोवती बसलेल्या बायका तीच ओळ उचलून परत म्हणतात. याला आमच्याकडे झेलणं म्हणतात. झेलून झाल्याशिवाय ती पुढची ओळ घेत नाही. सासूबाईंनी पावण्यापासून उलव्यापर्यंत किती घरची लग्नं लावली असतील देव जाणे. आणि त्यांचा धवला झेलायला कायम नामीमावशी असायच्या. त्यांची शेजारीण, पाठची बहीण म्हणा हवं तर. नामीमावशींचा आवाज असा होता की बाकीच्यांना त्यात नुसतं मिसळून जायचं काम. आम्ही तेच करायचो. जुन्या बोलीतले ते लांबवलेले शब्द एकदा ऐकून उचलता येत नाहीत, आणि पाठ कुणी केले नाहीत.

नामीमावशी गेल्या, आणि त्याच सुमाराला सासूबाईंचे कानही गेले. कानाचं मशीन आणून दिलं, पण मांडवातल्या गलक्यात ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी कपाटात टाकलं. धवला मात्र सोडला नाही. त्या ओळ म्हणायच्या आणि आमच्या तोंडाकडे बघायच्या. आमचे ओठ हलले, थांबले, की पुढची ओळ. आम्हाला शब्द येत नव्हते, ओठ हलवता येत होते; आपापसात बोललं तरी ते हलतातच. यात फसवणूक आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. म्हातारीला जपतोय असंच वाटायचं.

हे हरेशना माहीत नव्हतं. असणार कसं? धवल्याच्या वेळी पुरुष बाहेर डीजेपाशी असतात. पुतण्या मितेशच्या लग्नात त्यांनी आईसमोरच्या पाटावर फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला आणि गेले आपले बाहेर. घरी येऊन पहिली ओळ ऐकली, "आवाज एकदम क्लीन हाय," म्हणाले आणि फाइल ठेवून दिली. गाणाऱ्याचा श्वास ऐकणाऱ्या माणसानं स्वतःच्या आईचं गाणं एका ओळीपुढे ऐकलं नाही.

आमच्या लेकीचं, उन्नतीचं लग्न ठरलं. नातीला हळद लावायची म्हणून सासूबाई कामाला लागल्या. खोकला नको म्हणून लोणचं बंद केलं, सकाळी गॅलरीत बसून गुणगुणायच्या. एका रविवारी मी चहा घेऊन बाहेर आले तर त्यांच्या डोक्यावर तो मोठा हेडफोन होता. हरेश समोर फोन धरून बसले होते, सणासुदीला आणलेल्या मिठाईचा पहिला तुकडा आईला भरवावा तसे.

"आयकाला येतंय," सासूबाई मला म्हणाल्या. "माझाच आवाज हाय गो."

किती दिवसांनी त्यांनी स्वतःला ऐकलं होतं. चेहरा उजळला होता, आणि पुढं काय आहे ते मला माहीत होतं. मांडीवर त्यांचा हात ठेका धरत होता. मग हात थांबला. त्या झेलण्याची वाट बघत होत्या. थोड्या वेळानं हात पुन्हा हलला, पुन्हा थांबला.

"आई, कमी येतंय काय?" हरेशनी विचारलं, आणि त्या डबीचं बटण दाबून आवाज आणखी वाढवला.

म्हणजे दोन ओळींच्या मधलं सगळं वाढलं. पार्लरवालीच्या गोष्टी, केटररला फोन लावा म्हणणारी मी, आणि कुणीतरी, "अजून किती कडवी आहेत गं?" असं विचारल्यावर आलेलं हसू. ते हसू उन्नतीचं होतं. सासूबाईंनी ते ओळखलं. दोन्ही हातांनी हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला.

"नामी गेल्यापासून असाच हाय?" त्यांनी मला विचारलं.

मी मान डोलावली.

"मना वाटाचा, मीच बहिरी हाय," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी गुणगुणणं बंद केलं. उन्नतीच्या हळदीला मी गानार नाय, एवढंच एकदा सांगितलं. हरेशनी पाय धरले. उन्नती रडली, म्हणाली, "आजी, मला शिकव, मी झेलते." सासूबाई तिच्यावर चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "यो शिकवाचा नसतं बाय," म्हणाल्या, "नुसता मागं बसून येतं." मागं तर आम्ही सगळ्याच बसलो होतो.

दुसरी धवलारीण शोधली. लग्नसराईत कोण मोकळं असणार? आणि धवल्याशिवाय देव बसवायचे कसे? तेव्हा हरेशनी तोडगा काढला. तेच रेकॉर्डिंग लावायचं. मधली बडबड त्यांनी लॅपटॉपवर बसून पुसून टाकली, जागा तेवढी रिकामी ठेवली. "गॅप ठेवलाय," मला म्हणाले, "बायकांनी तिथं झेलायचं." शब्द लिहून सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायला मला सांगितले. रेकॉर्डिंगवरून अर्धे शब्द लागेनात, आणि सांगणार कोण? ज्यांना येत होते त्या सासूबाई धवल्याचं नाव काढत नव्हत्या. मी नको म्हणाले. आईचा आवाज तरी असू दे पोरीच्या हळदीला, असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले, मग मी हट्ट सोडला. त्यांच्या जागी मी असते तर वेगळं काय सुचलं असतं?

हळदीच्या दुपारी मांडवात सगळं जागच्या जागी होतं. देवांपुढच्या पाटावर, जिथं सासूबाई बसायच्या, तिथं फोन होता. त्याला डॉंगल, आणि डॉंगलमधून निघालेली वायर डीजेच्या स्पीकरला. सासूबाईंना खुर्ची दिली होती. हिरवं नऊवारी नेसून त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या, कुणाच्या तरी लग्नाला आलेल्या पाहुण्या बाईसारख्या.

त्यांचा आवाज मांडवभर झाला. खणखणीत होता, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. ओळ संपली. आणि मग काहीच नाही.

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. हळदीच्या पाटावरून उन्नतीनं सूर लावायचा प्रयत्न केला, पण दोन शब्दांपुढे तिला काही येईना. रिकामी जागा भरली नाही तरी दुसरी ओळ आलीच, तिच्या ठरल्या वेळेला. फोन कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, त्यामुळे या वेळी ओठसुद्धा कुणी हलवले नाहीत.

सासूबाई बघत होत्या. एकेकीचं तोंड त्यांनी नीट बघून घेतलं. स्पीकर एवढा मोठा होता की त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचत असावं, कारण त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"यो माझाच आवाज हाय ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात धरला.

"यो मी मेल्यावर लावाचा ना गो," त्या म्हणाल्या. "मी आजून हाय."

पाटावरच्या फोननं पुढची ओळ घेतली.