दोघांपुरती टाकी

मी जस्ती पत्र्याची टाकी बोलतेय. डिलाईल रोडच्या चाळीत, कुशाबांच्या मोरीवर माझं आयुष्य गेलं. आता गॅलरीत उपडी पडलेय. भंगारवाला आला की जाईन. त्याआधी माझ्या जागी नवी टाकी कशी निवडली ते सांगते.

लालबागच्या एका पत्रेवाल्याने मला ठोकूनठाकून घडवलं. तेव्हा कुशाबांच्या बायकोला, गंगुबाईंना दिवस गेले होते. पुढे गौतम झाला आणि माझ्याच पाण्यात न्हाऊन वाढला. शिकला, नोकरीला लागला, अपेक्षाला लग्न करून घरी घेऊन आला. तो आंघोळीला बसला की बाहेरून ती ओरडायची, "अरे, बाकीच्यांना ठेव की रे पाणी!" आतून तो आणखी दोन तांबे मुद्दाम ओतायचा.

गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि गौतम गेला. मग संध्याकाळपर्यंत माझ्यात पाणी उरायला लागलं.

यंदा माझं बूड गंजलं, खालच्या घरात गळती लागली. प्लंबर माप घ्यायला आला. प्लॅस्टिकची टाकी घ्यायची ठरलीच होती. लहान की मोठी, एवढंच बघायचं होतं.

"घरात माणसं किती?" त्याने सहज विचारलं.

"चार," गंगुबाई बोलून गेल्या.

प्लंबर पेन्सिलीने चार लिहायला लागला.

"तीन," अपेक्षा हळूच म्हणाली.

कुशाबा खाटेवर बसले होते. म्हणाले, "दोघांपुरती आणा."

"बाबा, मी नाही का घरात?"

"आहेस गं. पण प्रभादेवीहून तुझा भाऊ कितीदा न्यायला आला! आमच्यासाठी अडकून पडलीयेस तू. तुझं वय काय पोरी? म्हाताऱ्यांचं पाणी भरत जन्म काढणार?"

"मला घालवताय?"

गंगुबाईंनी तिला पोटाशी धरलं. "घालवत नाय गं. एक लेकरू गेलं. दुसरं असं सुकत चाललेलं बघवत नाय मला."

प्लंबर टेप गुंडाळून गुपचूप बाहेर जाऊन उभा राहिला.

लहान टाकी आली. अपेक्षाने ती आतून घासून धुतली, पहिलं पाणी स्वतः भरलं. मग भावाबरोबर गेली. जिन्यापर्यंत जाऊन परत आली, गंगुबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या कुठल्या डब्यात आहेत ते सांगायला.

रोज सकाळी पाणी येतं. नवी टाकी पटकन भरते, पण गंगुबाईंच्या हाताला अजून माझीच सवय आहे. नळ बंद करायला उशीर होतो, पाणी वाहून खोलीत येतं. कुशाबा वाकून फडक्याने पुसतात. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत.

मोरीवरच्या नव्या बाई, तुझ्याकडे एकच मागणं आहे. भल्या सकाळी भरून वाहिलीस तर वाहा, पण या दोघांसमोर कधी कोरडी पडू नकोस.