कॅप्टन खाली का आली?

डावीकडून दुसरी

आज मी डावीकडून दुसरी. डोक्याला रुमाल, हातात बादली, पहिल्या अंकात एकच वाक्य: "जहाज दिसलं!" हे वाक्य जिचं आहे तिची अक्कलदाढ काढलीय, म्हणून आज जहाज मला दिसलं.

उजवीकडून शेवटची

आज मासे विकणारी. मासे रबराचे आहेत, तरी टोपलीला खरा वास येतो. का येतो हे कपडेपटातल्या मावशींनाही माहीत नाही, आणि त्यांना सहसा सगळं माहीत असतं.

कुठेच नाही

आज सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत. आणि नेमकी आजच आई नाटकाला आली.

"कुठे होतीस गं? मी शोधून शोधून दमले."

"विंगेत."

"विंगेत काय करत होतीस?"

"कुणी आजारी पडतंय का बघत होते."

"छान. गिधाडासारखं."

मी नक्की काय करते

आमचं गाण्या-नाचाचं नाटक आहे. एका मालवाहू जहाजावर स्वयंपाक करणारी बाई शेवटी त्याच जहाजाची कॅप्टन होते, अशी गोष्ट. गाणी भरपूर, नाच त्याहून जास्त, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी स्टेजवर खरंखुरं शीड चढतं.

त्यात मी बदली. कोरसमधलं कुणीही आलं नाही की त्याच्या जागेवर मी. सगळ्यांची गाणी, सगळ्यांची पावलं, कुणी कुठून येतं आणि कुणाला कुणाचा धक्का लागू नये म्हणून कधी वाकायचं, हे सगळं मला पाठ असतं. मंडळी मला जोकर म्हणतात. विदूषक नव्हे, रमीतला जोकर. जिथे पान नाही तिथे लावा.

बदलीचा धर्म एकच: नवीन काही करायचं नाही. ज्याच्या जागेवर जाल त्याने जसं केलं तसंच करायचं. डावीकडून दुसरी शिंकत असेल तर शिंकायचं, कारण तिच्या शिंकेवर तिसरी वळते. आपण कलाकार आहोत वगैरे विचार घरी ठेवून यायचं.

आणि रांगेत फट दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. हे शिकवावं लागत नाही, मुरतं. बँकेत रांगेत कुणी पुढे सरकलं नाही तर मी सरकते. मग लोक भांडतात.

बाईसाहेबांच्या खुर्चीत

बाईसाहेब म्हणजे आमची नायिका. नाटकाच्या पहिल्या प्रयोगापासून त्याच कॅप्टन. परवा सकाळी त्या घरी खुर्चीवरून उठल्या आणि त्यांचा गुडघा उठला नाही. डॉक्टर म्हणाले, आता नाच बंद. गुडघ्याबरोबर कॅप्टनपणही गेलं.

दिग्दर्शक, म्हणजे सर, माझ्याकडे आले. सर कधीच ओरडत नाहीत. ते हळू बोलतात, ते वाईट असतं.

"आज दुपारचा प्रयोग तू करायचास. जमलं तर भूमिका तुझी. नाही जमलं तर टीव्हीवरची एक मुलगी आहे, पोस्टरवर बरी दिसते. गाणं शिकवता येईल तिला. तिला फोन करायला निर्मात्यांचे हात शिवशिवतायत."

"बरं सर."

"घाबरलीस?"

"नाही सर."

"घाबर थोडी."

मी बाईसाहेबांच्या खुर्चीत बसले. मावशी त्यांचा कोट माझ्या अंगावर चढवत होत्या आणि खांद्याला टाचण्या लावत होत्या. तेवढ्यात काठी टेकत बाईसाहेबच आल्या.

"काय जोकरबाई! आयत्या बिळावर नागोबा?"

"बीळ तुम्हीच रिकामं केलंत बाईसाहेब."

त्या खूप हसल्या. मग शेजारच्या स्टुलावर बसून म्हणाल्या, "गाऊन दाखव. जिन्यावरचं."

जिन्यावरचं म्हणजे नाटकातलं मोठं गाणं. नायिका मुदपाकखान्यातून निघते आणि वरच्या डेकवर जाणारा जिना चढत गाते. अर्ध्यावर थांबते. कठडा धरते. मागे वळून आपल्या विझलेल्या चुलीकडे बघते. मग पुढे चढते. त्या वळून बघण्यावर लोक डोळे पुसतात. एका समीक्षकाने त्या एका नजरेवर अख्खा परिच्छेद लिहिला होता.

मी ती नजर आमच्या इमारतीच्या जिन्यावर घोटली होती. शेजारच्या काकांनी दोनदा विचारलं, काही विसरलं का घरी?

तर मी खुर्चीत बसूनच गायले, अर्ध्यावर थांबले, कठडा म्हणून मावशींचा दंड धरला आणि मागे वळून बघितलं.

बाईसाहेब बघतच राहिल्या.

"अगं वेडे," त्या म्हणाल्या, "तो माझा गुडघा आहे."

"म्हणजे?"

"मला तो जिना एका दमात चढवत नाही. कधीच चढवला नाही. अर्ध्यावर कळ यायची, म्हणून थांबायचे. नुसतं थांबलं तर वाईट दिसतं, म्हणून मागे बघायचे. मास्तरांनी माझ्यासाठी तिथे वाजवणं वाढवलं. बाकी सगळं त्या समीक्षकाचं."

मावशी टाचणी तोंडात धरून हसायला लागल्या. हे त्यांना माहीत होतं, अर्थात.

"माझं गाणं घे," बाईसाहेब म्हणाल्या. "कोट घे. माझा गुडघा नको घेऊस. तुझे पाय धड आहेत. सरळ चढ."

मी पियानोवर बसणाऱ्या मास्तरांकडे धावले. ते वाद्यवृंद चालवतात. वाजवणं कमी करता येईल का म्हणून विचारलं.

"आता? आता वाजवणारे जेवायला गेले. वाजायचं तेवढं वाजणार. तू वर आधी पोचशील, तर थांब वर. श्वास घे. फुकट असतो."

आणखी एक गोष्ट त्या दुपारी झाली. डावीकडून दुसरीचा आवाज बसला. दाढेनंतर आता घसा. एरवी तिच्या जागेवर मी गेले असते. पण मी तर कॅप्टन. बदलीला बदली नसते. तेव्हा ठरलं की तिची जागा रिकामी राहील, कुणाच्या लक्षात येणार नाही.

मधोमध

स्वयंपाकिणीचा पहिला अंक बरा गेला. मला वाटतं, बराच बरा. लोक हसायचे तिथे हसले. पहिल्या रांगेत आई दिसली. आई गाडी चालवायला शिकवते. कुठेही बसली तरी तिचा उजवा पाय ब्रेक शोधत असतो. मी जोरात वळले की तिची टाच जमिनीवर.

दुसरा अंक. शेवट. जिना.

*चूल विझली तर विझू दे गं,*
*दोर दे माझ्या हाती*

मी चढले. सरळ. गुडघे धड असण्यात इतकी मजा असते हे मला माहीत नव्हतं. अर्धा जिना आला आणि गेला. चुलीकडे बघितलंच नाही. पोचले वर.

आणि आता काही नाही.

वाद्यं वाजतायत. बाईसाहेबांच्या गुडघ्यासाठी. माझी ओळ अजून लांब आहे. वर मी एकटी, डोक्यावर पांढरा झगझगीत दिवा, आणि समोर, खाली, अख्खं स्टेज. हे मी कधी बघितलेलं नाही. मी नेहमी त्याच्या आत असते.

खाली खलाशी दोर ओढायला लागले. शीड चढायला लागलं.

डावीकडून पहिला.

(फट.)

तिसरी.

चौथा.

डाव्या बाजूला दोराला जोर कमी. शीड तिरपं चढतंय. उजवं टोक वर, डावं खाली, धुऊन आटलेल्या पडद्यासारखं.

(फट.)

पाय. माझे धड पाय.

डावीकडून दुसरी

मी जिना उतरून रांगेत घुसले आणि दोर धरला.

पहिल्या जागेवर दादा असतो, आमचा सगळ्यात जुना खलाशी. तो ओठ न हलवता म्हणाला, "काय करतेस?"

"ओढतेय."

"तू कॅप्टन आहेस."

"माहितेय."

"मग?"

"ओढ ना दादा, तिरपं चाललंय."

शीड सरळ झालं. फार सुंदर सरळ झालं. माझी ओळ आली आणि मी तिथूनच गायले, दोर ओढत, मागच्या बाजूला तोंड करून.

सरांसमोर

"कॅप्टन खाली का आली?"

"जागा रिकामी होती सर."

"अस्सं." सर अगदी हळू बोलत होते. "दिवा कुठे होता?"

"वर."

"दिव्यात कोण होतं?"

"कुणी नाही."

"नाटकातल्या सगळ्यात मोठ्या गाण्याला प्रेक्षकांनी रिकामा डेक बघितला. एका फटीसाठी तू सगळ्यात मोठी फट पाडलीस. कळतंय का?"

"शीड वाकडं चाललं होतं सर."

"नाचता येईना अंगण वाकडं!"

"पण अंगण खरंच वाकडं होतं."

मागे उभे असलेले मास्तर खोकले. ते खोकणं नव्हतं.

"पहिला अंक चांगला होता," सर म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना अवघड गेलं. "चढलीसही छान. म्हणून उद्या आणखी एक प्रयोग देतो. उद्या खाली उतरलीस तर मी निर्मात्यांना सांगतो फोन करा. आणि तू मग खालीच."

"डावीकडून दुसरी बरी होईल का उद्यापर्यंत?"

"नाही. जागा रिकामीच राहील. मुद्दाम म्हण हवं तर."

बाहेर आई गाडीत बसून होती.

"मला वाटलं जहाज स्वतःच गातंय," ती म्हणाली.

"आई, प्लीज."

"नाही, आवाज छान येत होता. पण कुठून येतोय कळेना." तिने गाडी सुरू केली. "मी नवीन पोरांना काय सांगते माहितेय? आपली लेन सांभाळा. शेजारच्याची गाडी वाकडी चाललीय, दिसतंय आपल्याला. म्हणून तिच्या स्टिअरिंगला हात घालायला जाता का?"

"तू जातेस."

"मी शिकवते, माझ्या बाजूला वेगळा ब्रेक असतो," आई म्हणाली. "तुझ्या बाजूला आहे का?"

मधोमध

दुसऱ्या दिवशी.

*चूल विझली तर विझू दे गं,*
*दोर दे माझ्या हाती*

चढले. पोचले. वाद्यं चालू.

खाली दोर. पहिला, फट, तिसरी, चौथा. शीड निघालं.

तिरपं.

मी कठडा धरला. छान पोज म्हणून नव्हे, पाय जाऊ नयेत म्हणून. दादा जीव खाऊन ओढत होता, मानेच्या शिरा दिसत होत्या. त्याने एकदा वर बघितलं. त्या नजरेत *ये* होतं का *येऊ नकोस* होतं, मला अजून सांगता येत नाही.

तिरपं. आणखी तिरपं.

मी उतरले असते तर सरळ झालं असतं. हे मला स्वच्छ माहीत होतं. एवढी वर्षं माझा एकच उपयोग, आणि तो खाली पडलेला, आणि मी वरून बघतेय.

बघितलं.

शीड वाकडं चढलं आणि वाकडंच थांबलं. जहाज बुडालं नाही. कुणी उठून गेलं नाही. तिसरीने दोर हाताला आणखी घट्ट गुंडाळला आणि ती आपली ओढत राहिली. त्या वाकड्या शिडाखाली ते सगळे वर बघत होते. माझ्याकडे. मी वर बघणाऱ्यांत नव्हते असं पहिल्यांदाच झालं.

वाद्यं माझ्या ओळीपाशी आली.

मी तयार नव्हते. माझं लक्ष अजून शिडाकडेच होतं. बदली कधी उशीर करत नाही, उशीर केला तर गाडी निघून जाते. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी एक हात वर धरला होता. व्हायोलिनवाले एकाच सुरावर थांबले होते. अख्खा वाद्यवृंद माना वर करून बसला होता, आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर काहीच घाई नव्हती.

ते माझ्यासाठी थांबले होते.

मी श्वास घेतला. अजून एक घेतला, फुकटच होता. मग गायले. बाईसाहेब तिसरा शब्द लांबवायच्या, मी नाही लांबवला. मला त्या शब्दाची घाई होती.

विंगेत

पडदा पडल्यावर सर विंगेत उभे होते. माझ्याकडे न बघता ते व्यवस्थापकाला म्हणाले, "हिच्यासाठी एक बदली शोधायला घ्या."

मला कळायला थोडा वेळ लागला. बदलीला बदली नसते, कॅप्टनला असते. मावशींना आधी कळलं, त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि एक टाचणी टोचली.

"आणि सर," मी म्हटलं, "डावीकडून दुसरीच्या जागेवर पण कुणीतरी लागेल. मुलीला दोर दोन्ही हातांनी ओढता आला पाहिजे, आणि तिसरीशी उंची जुळली पाहिजे, नाहीतर..."

"रांगेचं तू बघू नकोस," सर म्हणाले.

"बरं सर."

"बघतेयस."

"नाही सर," मी म्हटलं, आणि दोराकडे पाठ केली.