हातावरची दही-साखर

मी एक जुनी पेटी आहे. माझ्यातून वीज वाहते, आणि मित्रांनो, एवढे ऐकताच तुम्ही जरा मागे सरकलात ना? मला त्याची सवय आहे. जबलपुरात माझे नाव घेताना लोक आवाज खाली करत. "शॉकवाली मशीन" म्हणत आणि पदर तोंडाला लावत. मला भारी राग येई. कुकर रोज शिट्ट्या मारतो, पण त्याला कोणी घाबरत नाही! आता माझ्या जागी कागदावर रेघा काढणारे नवे यंत्र आले आहे आणि मी दवाखान्याच्या कपाटात धूळ खात बसले आहे. तरी सांगण्यासारखे माझ्यापाशी पुष्कळ आहे.

दक्षिणेतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. सागवानी अंग, दोन गोल खुंट्या, पितळी कडी आणि वर एक लाल दिवा. १९६४ साली मी रेल्वेने जबलपूरला आले आणि बडा फुहारा चौकाच्या मागच्या गल्लीत डॉक्टर हेमचंद्रांच्या दवाखान्यात टेबलावर विराजमान झाले. माझे काम काय ते सांगते. काही माणसांचे मन आजारी पडून इतके खचते की ती जेवत नाहीत, बोलत नाहीत, जगणेच नको म्हणतात. गोळ्यांनीही गुण आला नाही, तर डॉक्टर त्यांच्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना माझ्या तारा टेकवून काही सेकंद बेताची वीज सोडतात. त्याने एक झटका येतो. असे सहा-आठ वेळा झाले की पुष्कळ जण सावरतात. नेमके कसे, ते डॉक्टरांनाही अजून पुरते उमगलेले नाही.

सुरुवातीची वर्षे आठवली की मला लाज वाटते. तेव्हा भूल न देताच झटका देत आणि चार जण हातपाय धरून ठेवत. एका माणसाचा खांदा निखळलेला मी याच डोळ्यांनी पाहिला. तेव्हा लोक मला नावे ठेवतात ती अगदीच उगीच नाही. पुढे भूल देणारे डॉक्टर येऊ लागले. मग माणूस शांत झोपे, पायाची बोटे तेवढी थरथरत, आणि थोड्या वेळाने तो जागा होऊन चहा मागे.

माझी देखभाल नर्स मालनबाई करत. त्या नागपूरकडच्या. रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसत आणि म्हणत, "चाल वो माय, कामाले लाग." असे प्रेमाने मला दुसरे कोणी बोलले नाही.

१९८१च्या हिवाळ्यात विनताताई आल्या. मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवत. चार महिन्यांपासून त्यांचे मन खोल खोल गेले होते, आणि आता तर त्या घासही घेईनात. नुसती हाडे राहिली होती. सोबत नवरा श्रीकांत आणि सासू-सासरे, शरयूबाई आणि विष्णुपंत. माझ्यासमोरच वादाला तोंड फुटले.

"बिजली लावून डोकं सुधारतं काय?" विष्णुपंत कडाडले. "ती काय रेडिओ आहे? उद्या तिनं स्वतःच्या पोरीला ओळखलं नाही तर?"

"बाबा, सगळ्या गोळ्या झाल्या. ती जाऊन राहिली आहे आपल्या डोळ्यांसमोर," श्रीकांत म्हणाला.

डॉक्टरांनी काही लपवले नाही. "काही आठवणी जातात. बऱ्याच परत येतात, काही येत नाहीत. पण आता थांबलो, तर ही हातची जाईल."

पुन्हा तिघे भांडू लागले. तेव्हा मालनबाई म्हणाल्या, "तुम्ही सारे बोलून राहिले. तिले विचारलं का कोणी?"

तिघेही विनताताईंकडे वळले. त्यांचे ओठ बऱ्याच वेळाने हलले. "भीती वाटते. पण असं नाही राहता येत मला. करा."

मंगळवारी सकाळची वेळ ठरली. रात्रीपासून तोंडात काही घालायचे नाही, असे चारदा बजावले होते. पोटात काही असले तर भुलीत ते उलटून श्वासनलिकेत जाते आणि जिवावर बेतते.

"काही खाल्लं तर नाही न?" मालनबाईंनी विचारले.

"काही नाही, बाई. पाणीसुद्धा नाही," शरयूबाई ठामपणे म्हणाल्या.

पण मालनबाईही मराठी घरातल्याच. त्या नेहमी दुसरा प्रश्न विचारत. "अच्छा. आन् निघताना हातावर काय ठेवलं?"

"हातावर? दही-साखर. ते काय खाणं आहे? शकुन आहे तो!" मग शरयूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "तीन दिवसांत तेवढंच घेतलं हो तिनं. मी दिलं म्हणून. दोनदा दिलं मी."

डॉक्टरांनी माझी तार काढून ठेवली आणि गुरुवारची वेळ दिली. शरयूबाई ढसाढसा रडल्या. विष्णुपंतांना मात्र आयते कारण मिळाले. "देवालाच मंजूर नाही. चलो, घरी."

त्या दोन दिवसांत माझा जीव टांगणीला लागला होता. आणि गुरुवारी सुनेचा हात धरून कोण आले म्हणता? शरयूबाई! नवऱ्याचे न ऐकण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. पिशवीत दह्याचा डबा होता. "शकुन मागून दिला तर चालतो का हो?" त्यांनी विचारले. विनताताई जाग्या झाल्यावर त्यांनी तो चमच्याने भरवला.

पाचव्या खेपेला विनताताई म्हणाल्या, "आई, काल वरणात मीठ कमी होतं." शरयूबाईंनी ही तक्रार प्रसाद वाटावा तशी साऱ्या दवाखान्याला सांगितली. मीही त्या दिवशी हरखून गेले.

दोन महिन्यांनी सगळे भेटायला आले. विनताताईंची सहा वर्षांची मुलगी वसुधाही होती. ती म्हणाली, "आई, माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी नाही, तूच रडली होतीस!" विनताताईंनी खूप आठवून पाहिले. त्यांना काही आठवेना.

"हेच म्हणत होतो मी," विष्णुपंत म्हणाले. "गेला ना तो दिवस?"

"गेला, बाबा. फार वाईट वाटतं मला," विनताताई म्हणाल्या. "पण तो वसुधाजवळ आहे. मी नसते, तर तिनं कोणाला सांगितला असता?"

ती आठवण माझ्यामुळेच गेली होती, आणि आज विनताताई तिथे बसल्या होत्या त्याही थोड्याफार माझ्यामुळेच. विष्णुपंतांनी नातीला मांडीवर घेतले. "अच्छा, सांग बेटा. पहिल्यापासून सांग." आणि वसुधा सांगू लागली.

मित्रांनो, माझ्यावरून मोठी माणसे आजही भांडतात. भांडू देत; विजेशी खेळ नको, हे खरेच आहे. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण घरात कोणी गप्प होऊन ताट सरकवू लागले, तर ते लपवू नका आणि त्याला वेडा म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला डॉक्टरकडे न्या. त्याच्याविषयी काही ठरवायचे असेल तेव्हा आधी त्यालाच विचारा, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा.