चुकीच्या इमारतीतली खरी ओळख

डेअरीत ती मुख्य इंजिनियर होती, घरी नुसती आई. दूध थंड करणारी यंत्रं मागच्या बाजूनं जी ऊब हवेत सोडून देतात ती तिच्या डोळ्यांत खुपायची. त्या उबेवर कॅन धुवायचं पाणी तापवावं, बॉयलरचं डिझेल वाचवावं, असं तिच्या मनानं घेतलं आणि तिनं ते करूनही दाखवलं. म्हणून तर हवामानबदलावर काम करणाऱ्या अनुभवी माणसांसाठीची विद्यापीठाची फेलोशिप तिला मिळाली. लहान डेअऱ्यांना परवडेल असं यंत्र बनवायला वर्षभर प्रयोगशाळा मिळणार होती.

अडचण एकच होती. लेक त्याच विद्यापीठात शिकत होती.

"आई, सगळ्यांदेखत मला पिल्लू म्हणू नकोस," लेकीनं बजावलं.

"बरं गं बाई," ती म्हणाली. पण तिचं लक्ष कुठे होतं? पहिल्या दिवशी तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. गळ्यातलं ओळखपत्र तिनं वाटेत चारदा वाचलं, जिने धडाधड चढली आणि खोलीचा नंबर बघून आत शिरली. नंबर बरोबर होता, इमारत चुकली होती.

वर्ग एकदम चिडीचूप झाला. 'अनुभवी माणसं म्हणे,' तिला वाटलं, 'यांना तर अजून मिसरूडही फुटलेलं नाही.' पण आधी आपली ओळख करून द्यायची असं तिला कळवलेलं होतं. तिनं खडू उचलला, फळ्यावर यंत्र काढलं आणि सांगत सुटली. दूध थंड होतं म्हणजे त्याची उष्णता नाहीशी होत नाही, ती कुठंतरी जातेच. ती जिथं जाते, तिथंच आपण तिला धरायचं. पोरं खाली माना घालून लिहीत होती.

"हे परीक्षेला आहे का?" एकानं विचारलं.

या वयात परीक्षा! विनोद तिला इतका आवडला की हसताना खडू निसटला. तो उचलायला ती वाकली, तर तिसऱ्या बाकावर दप्तराआड कुणीतरी तोंड लपवलेलं.

"अगं पिल्लू, तू इथं कशी?"

सगळा वर्ग खदखदून हसला. दारात उभे असलेले प्राध्यापकही हसत होते. ते लिफ्टमध्ये अडकले होते, आणि आत्ताच सुटून धापा टाकत आले होते.

"थांबू नका," ते बाकावर टेकत म्हणाले. "मलाही आज उष्णताच शिकवायची होती. मला जरा श्वास घेऊ द्या."

तिचे कान तापले. पण चित्र अर्धवट सोडवेना. पाण्याची टाकी काढून, बाण दाखवूनच तिनं खडू ठेवला. टाळ्या पडल्या. लेक उठली, आईचा हात धरून तिला बाहेर घेऊन निघाली, आणि जिन्यात पोचेपर्यंत दोघी हसून हसून कठड्याला टेकल्या.

"तू चांगलं सांगतेस," लेक डोळे पुसत म्हणाली. "मला आज पहिल्यांदा कळलं तू काय करतेस ते."

मग दोघी बाग ओलांडून धावत सुटल्या. योग्य खोलीत पिकल्या केसांची मंडळी चहा पीत बसली होती. नदीवर काम करणारा एक इंजिनियर वाट चुकून ग्रंथालयात फेरफटका मारून नुकताच टेकला होता, आणि घरं बांधणाऱ्या एक बाई अजून सापडायच्या होत्या.

"उशीर झाला का?" तिनं विचारलं.

"छे, अजून कुणीच बोललेलं नाही," फेलोशिपच्या प्रमुख म्हणाल्या. "तुम्हीच सुरू करा."

लेकीनं मागची खुर्ची ओढली आणि बिस्किटाची बशी मांडीवर घेऊन ती ऐटीत बसली.