माल मूळ पेटीतच परत पाठवावा

मित्रांनो, मला खोकं म्हणू नका. खोकं पुठ्ठ्याचं असतं, भिजलं की बसतं. मी पेटी आहे, सालईच्या दुहेरी फळ्यांची, दोन्ही अंगांना धरायला जाड दोर असलेली. म्हणजे होते. आता माझी एक फळी कापून दिल्लीला गेली आहे आणि उरलेली मी जबलपूरच्या एका कारखान्याच्या कोपऱ्यात पडून आहे. जे आज सांगते आहे ते मला तेव्हाच गळा फाडून सांगायचं होतं. पण लाकडाचं कोण ऐकतं? तुम्ही तरी ऐका.

माझा जन्म याच कारखान्यात झाला. इथं बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी तयार होतात. साध्यासुध्या नव्हेत, मिट्ट काळोखातही त्यांतून माणूस स्वच्छ दिसतो. असा नाजूक माल समुद्रापार जायचा, म्हणून कोठार सांभाळणाऱ्या गुणवंतनं मला अगदी उभं राहून करून घेतलं. आतून मऊ अस्तर, बाहेरून फळीवर फळी. काम झाल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "अशी पेटी झाली न, हत्ती बसला तरी काही होणार नाही." मी फुलून गेले. कौतुक कोणाला नको असतं?

कौतुक न करणारी एकच होती, विभावरी मॅडम. शहरातल्याच राइट टाउन भागातून स्कूटरवर यायची, हेल्मेट काढायच्या आधीच प्रश्न विचारायला लागायची. ती आमच्या कारखान्याच्या आयात-निर्यातीच्या नियमांची प्रमुख. युद्धाचं सामान देशाबाहेर जायचं तर सरकारची परवानगी लागते, आणि घेणाऱ्याचं लेखी वचन लागतं की हा माल आम्हीच वापरू, दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही. हे सगळं खरं आहे असं विभावरीनं सही करून सांगितलं तरच फाटक उघडायचं. त्यामुळं तिला सगळे मागून खडूस म्हणायचे आणि समोर मॅडमजी.

आमच्या खेपेच्या करारात तिनं एक जास्तीची अट घातली. दुर्बीण बिघडली तर दुरुस्तीला पाठवा, पण माल मूळ पेटीतच परत पाठवावा.

"पेटी काहून मागता मॅडम?" गुणवंत हसला. "कशातही पाठवतील न ते."

"माल पुसून पाठवता येतो भैया," ती म्हणाली. "पेटीला कोणी पुसत नाही. पेटी थोडंफार बोलते."

मित्रांनो, हे मी जन्मभर विसरले नाही. जगात एक तरी माणूस आहे ज्याला वाटतं की मी बोलते!

मग मी निघाले. ट्रकनं बंदरावर, तिथून जहाजानं. घेणारे होते एका मित्रदेशाच्या किनाऱ्यावरचे पहारेकरी. समुद्रातले चोर पकडायला त्यांना दुर्बिणी हव्या होत्या. उतरल्यावर मला वाटलं, आता इथंच खाऱ्या वाऱ्यात, कुलपात राहायचं. कसलं काय! गणवेशातल्या माणसांनी सही करून मला उतरवून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यावर ताडपत्री टाकून मला दुसऱ्या गाडीत चढवलं. समुद्राचा वास मागं गेला. मग चढ लागला, थंडी लागली, तांबडी धूळ माझ्या फटीफटीत शिरली. एक सरहद्द आली, तिला फाटकसुद्धा नव्हतं. पलीकडं बिनगणवेशाची माणसं उभी होती. त्यांनी मला उघडलं, दुर्बिणी खांद्याला लावून बघितल्या, हसले, आणि मला उतारावर ढकलून दिलं.

तिथून एका बाईनं मला घरी नेलं. मातीच्या भिंतीचं दोन खणांचं घर. तिची भाषा मला येत नव्हती, पण तिनं माझ्यात कांदे भरले, वर गोधड्या रचल्या, म्हणजे तिनं मला ठेवून घेतलं हे कळलं. तिची एक लहान पोर होती. ती माझ्या दोराला चिंध्या बांधायची, त्यांत बाहुली बसवून झोके द्यायची आणि काहीतरी गुणगुणायची. खरं सांगू? दुर्बिणी वाहण्यापेक्षा मला ते काम आवडलं.

पण सांज झाली की टेकडीवरून गोळ्या यायच्या. गावात दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, सगळे गपगार. तरी गोळी बरोबर माणसाच्या दिशेनं यायची. गावाला कळत नव्हतं, अंधारात त्यांना दिसतं कसं? मला कळत होतं. मीच तर आणल्या होत्या त्या, जपून, एकीलाही ओरखडा न येऊ देता. काय करू मी, कुठं तोंड लपवू, असं व्हायचं.

आई पोरीला भिंत आणि मी यांच्या मधल्या बोळकांडीत नाही, तर माझ्या अलीकडं, खोलीच्या बाजूला बसवायची. म्हणजे आधी भिंत, मग मी, मग पोर. एका सांजेला गोळी भिंत फोडून आली आणि माझ्या बाहेरच्या फळीत घुसली. मी सगळं अंग आवळलं. आतल्या फळीत ती अडकली. पलीकडं पोर रडत होती, म्हणजे जिवंत होती. गुणवंतच्या त्या दुहेरी फळीला मी त्या दिवशी किती दुवा दिला!

काही महिन्यांनी त्यांतल्या काही दुर्बिणींच्या काचा आतून धुरकट झाल्या. दुरुस्तीला पाठवायच्या तर मूळ पेटी हवी. बिनगणवेशाचे लोक मला शोधत घरोघर फिरले. आमच्या दारात आले, कांदे जमिनीवर ओतले, गोधड्या फेकल्या आणि मला ओढायला लागले. पोरीनं माझा दोर सोडला नाही. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. खाली नेल्यावर त्यांनी गोळीच्या भोकात लांबीचा लगदा भरून ते बुजवलं, वरून तपकिरी रंगाचा हात मारला, आत बिघडलेल्या दुर्बिणी ठेवल्या आणि मला बंदराला पाठवून दिलं.

जहाजात मी एकच गोष्ट घोकत होते. विभावरी बघेल. ती माझी धूळ बघेल, ते भोक बघेल, तिला कळेल.

जबलपूरला पोचले तर विभावरी परवानगीच्या कामाला दिल्लीला गेलेली! आणि कोठारात माझ्या शेजारी कोण? माझ्यासारखीच एक नवी कोरी पेटी, तिच्या शेजारी आणखी, आणखी. दुसरी खेप. त्याच घेणाऱ्यांना जाणारी. दसऱ्याच्या शुभदिवशी ट्रक निघायचा होता, फक्त विभावरीची सही बाकी होती.

आणि दसऱ्याच्या आधी येते खंडेनवमी. आमचे मालक मराठी, त्यामुळं त्या दिवशी इथं यंत्रांची, हत्यारांची पूजा होते, आणि आदल्या दिवशी सगळा कारखाना लख्ख करतात. गुणवंत माझ्यापाशी आला. "अरे बापरे, परदेशातून आली आणि ही काय दशा! राधाबाई, हिला आंघोळ घाला हो."

नको! मी आतल्या आत किंचाळले. राधाबाई झाडलोट करणारी, हाताला फार चांगली. तिनं बादल्यांवर बादल्या ओतल्या आणि काथ्यानं मला घासघासून धुतलं. ती तांबडी धूळ, माझी साक्ष, गटारात वाहून गेली. ओल सुकायच्या आत गुणवंतनं मला हिरवागार रंग दिला, दोरासकट. "आता कशी नवरी दिसून राहिली!" म्हणाला. त्याच्या मनात पाप नव्हतं हो. आपल्याकडं सण आला की आधी रंग द्यायचा, मग बघायचं, हीच तर रीत.

नवमीच्या सकाळी विभावरी आली. मला बघून ती दारातच थांबली.

"हिला काहून रंगवलं गुणवंत भैया?" ती म्हणाली. "मी हिच्यासाठी धावत आली न दिल्लीहून!"

गुणवंतचा चेहरा पडला. तेवढ्यात अनुपम आला, मालकांचा मुलगा, आता कारभार त्याच्याकडं. "दीदी, चलो, पूजेनंतर सही करून टाका."

"अनुपमजी, दोनदा मी त्यांचं गोदाम बघायला माणूस पाठवते म्हटलं. दोनदा त्यांनी टाळलं. माझं मन नाही घेऊन राहिलं."

"मनावर ट्रक थांबवू का मी? त्यांचे कागद बरोबर आहेत, सरकारची परवानगी आहे. अब और क्या चाहिए? पुरावा असेल तर दाखवा, मी थांबवतो. नसेल तर लोकांचं काम अडवू नका."

पुरावा तिच्या हातभर अंतरावर होता आणि ती मान खाली घालून म्हणाली, "नाही माझ्याजवळ."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं की जळून राख झाले असते तर बरं झालं असतं. उद्या या नव्या पेट्या त्याच टेकडीवर जाणार. मी काय करू? मला हात नाहीत, तोंड नाही. लाकडाला एकच गोष्ट येते, पाणी पिऊन फुगणं. ती मी जीव खाऊन करत होते. राधाबाईनं ओतलेलं सगळं पाणी मी पोटात धरून ठेवलं होतं. माझी फळी तट्ट फुगली होती आणि भोकातली लांबी हळूहळू बाहेर ढकलली जात होती. पण बघणार कोण? वरून हिरवा रंग चकाकत होता.

पूजा सुरू झाली. झेंडूच्या माळा चढल्या. गुणवंत वातावरण हलकं करायला म्हणाला, "मॅडम, सगळ्यांनी आपापलं हत्यार मांडलं. तुमचं हत्यार कोणतं?"

विभावरी थकून हसली. "माझं? मी या पेटीवर भरोसा ठेवला होता. हिलाच लावते." आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन ती माझ्यासमोर खाली बसली.

इकडं, बाई, इकडं! थोडं डावीकडं! तिनं हळदीचं बोट जरा डावीकडंच टेकवलं आणि बोट थबकलं. तिथं टेंगूळ होतं. तिनं दाबलं, तर रंगाचा पापुद्रा तडकला. तिनं पदराची पिन काढली आणि उकरायला लागली.

"दीदी, पूजा चालू आहे, लोक बघून राहिले," अनुपम पुटपुटला.

"बघू द्या."

लांबीचा खडा निघून पडला. आत पितळी काहीतरी चमकलं. कोणी आरती म्हणत होतं ते थांबलं.

"समुद्रकाठच्या कुलूपबंद गोदामात पेटीला गोळी लागते का, अनुपमजी?" विभावरी म्हणाली.

अनुपम वाकला, त्यानं गोळीला बोट लावून बघितलं. मग हळूच म्हणाला, "गुणवंत काका, ट्रक परत पाठवा."

दुसरी खेप गेली नाही. विभावरीनं त्याच दिवशी सरकारला कळवलं, चौकशी लागली. साक्ष म्हणून माझी गोळीची फळी कापून नेली. करवत लागली तेव्हा दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

मित्रांनो, इथं गोष्ट संपली असती तर किती बरं होतं. पण फळी नेणारी माणसं गेल्यावर विभावरी परत माझ्यापाशी आली. माझ्या दोरावर रंगानं कडक झालेली एक गाठ तिच्या नजरेला पडली. तिनं ती नखांनी सोडवली. आत रंग पोचला नव्हता. लहान पोरीच्या फ्रॉकची चिंधी होती, गुलाबी फुलांची. विभावरीनं ती तळहातावर उलगडून पसरली. मग माझ्या कापलेल्या जागेवर हात ठेवून तिनं विचारलं, "कोण होतं ग तुझ्यामागं?"

जन्मात पहिल्यांदा कोणी मला बरोबर प्रश्न विचारला, आणि मला उत्तर देता येईना.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मोठे व्हाल, काहीबाही बनवाल, दूर पाठवाल. ते कोणाच्या हातात जातं ते विचारत राहा, लोक खडूस म्हणाले तरी. आणि काही परत आलं तर रंग देण्याआधी त्याच्या जखमा बघा. पहिल्या खेपेच्या बाकीच्या दुर्बिणी अजून त्या टेकडीवरच आहेत. सांज झाली की तिथं दिवा लावत नाहीत. मी मूळ पेटी म्हणून घरी परत आले खरी, पण भिंतीपाशी माझी जागा रिकामी आहे, आणि ती पोर आता कोणाच्या आडोशाला बसते, हे मला माहीत नाही.