आर्मांदच्या पत्राचे पाच मसुदे

परिस्थितीवर आम्ही बारकाईने लक्ष ठेवून आहोत, असं युरोपातल्या एका परराष्ट्र मंत्रालयाने म्हटलं.

केशराची डबी सुमेधाकडे.

विंटर टायर्स, मंगळवार, साडेदहा.

टीव्हीवर एक कर्नल चष्मा पुसतो आणि सांगतो, फार तर अठरा महिने, मग निवडणूक.

लिडीचा फोन लागत नाही.

सर्व पक्षांनी संयम पाळावा. हे दुसरं मंत्रालय.

हे सगळं एका सोमवारी सकाळी शुभदाच्या फोनवर येऊन पडलं. शुभदा कॅनडातल्या किचनरच्या मराठी मंडळाची कार्यवाह. मंडळ ज्या कम्युनिटी हॉलमध्ये कोजागिरी करतं, त्याची देखभाल आर्मांद करतो. आरतीच्या धुराने अलार्म बोंबलायला लागला की स्टुलावर चढून तो गप्प करणारा हाच. त्याच्या देशात पाणी नाही, वीज नाही म्हणून पोरंसोरं रस्त्यावर उतरली, तिसऱ्या आठवड्यात राष्ट्राध्यक्ष पळाला आणि कर्नल येऊन बसला. आर्मांदची बायको लिडी आणि सात वर्षांची मुलगी तिथेच आहेत. त्यांच्या व्हिसाची फाइल दोन वर्षं धूळ खात पडलेली. आता तिथलं व्हिसा ऑफिस शुक्रवारी बंद होणार होतं. त्याआधी इथल्या एखाद्या संस्थेचं पत्र पोचलं, तर फाइल तातडीची धरणार होते. आर्मांदला ओळखणारी संस्था एकच, हे मंडळ.

करायचंच, असं शुभदाने मनाशी म्हटलं. आणि विषय कमिटीच्या ग्रुपवर टाकला.

मसुदा पहिला. सोमवार.

"लष्करी उठाव कशाला लिहिलंस गं?" अध्यक्ष चारुदत्तचा लगेच फोन. "कॅनडा सरकारने अजून तो शब्द वापरलेला नाही."

"अहो चारुदत्त, आपण सरकार नाही, आपण दूध आटवतो," कॉलवर असलेली सुमेधा म्हणाली. सुमेधा खजिनदार, तोंडाने फटकळ.

"म्हणूनच जपून."

मसुदा दुसरा. मंगळवार. 'उठाव'च्या जागी 'सत्तांतर'. मग नंदनचा मेसेज. तो कॉलेजात शिकतो, मंडळाचा युवा प्रतिनिधी. "ताई, लेटरहेडवर माझं नाव आहे ना? माझी पीआरची फाइल आत आहे. काढता येईल का? सॉरी हं." शुभदाला त्याचा राग आला नाही. स्वतःची पीआर, कायम वास्तव्याची परवानगी, यायची होती तेव्हा तीही पार्किंगच्या तिकिटाला घाबरायची. नवं लेटरहेड करण्यात संध्याकाळ गेली.

मसुदा तिसरा. बुधवार. शेजारच्या एका देशाने कर्नलचं अभिनंदन केलं, दुसऱ्याने सरहद्द बंद केली. चारुदत्तने दोन्ही लिंका पाठवल्या. खाली लिहिलं, बॅलन्स हवा. शिवाय एक व्हिडिओ: लोक रणगाड्यावर चढून नाचताहेत. "एवढा आनंद आहे तर तातडी कसली? उद्या कोणी विचारलं तर?"

शुभदा हॉलवर गेली. आर्मांद लॉबी पुसत होता. तिने व्हिडिओ दाखवला. त्याने तो शेवटपर्यंत बघितला.

"नाचू दे, मॅडम," तो म्हणाला. "आधीच्या कर्नलच्या वेळी मीही नाचलो होतो."

शुभदाने फोन पर्समध्ये टाकला. फरशी ओली होती, म्हणून ती कडेकडेने बाहेर पडली.

मसुदा चौथा. गुरुवार. यात देशाचं नाव गेलं, कर्नल गेला, लिडीही गेली. राहिलं ते असं: 'संबंधित प्रदेशातील घडामोडींबाबत मंडळाला आस्था आहे.' त्यालाही सूचक मिळाला, अनुमोदक मिळेना. सुमेधाला चारुदत्तने विचारलं, तर ती म्हणाली, "हे पत्र आहे की हवामानाचा अंदाज? मी नाही."

मसुदा पाचवा. शुक्रवार. 'आस्था'च्या जागी 'मनःपूर्वक आस्था'. सुमेधा पत्र जावं म्हणून मुकाट झाली. दुपारी सव्वातीनला एकमताने मंजूर. ग्रुपवर टाळ्यांचे, अंगठ्यांचे ढीग पडले. आर्मांदच्या देशात तेव्हा रात्रीचे सव्वादहा वाजले होते. शुभदाने ईमेल केली. एका मिनिटात आपोआप आलेलं उत्तर: हे कार्यालय पुढील सूचनेपर्यंत बंद आहे.

शनिवारी कोजागिरी. मोठ्या पातेल्यात दूध उकळत होतं.

"शेवटी आपण भूमिका घेतली, हे महत्त्वाचं," चारुदत्त म्हणाला आणि वेलदोड्याची पूड शोधायला लागला.

शुभदा छापील पत्र घेऊन आर्मांदकडे गेली. त्याने वाचलं, पुन्हा वरपासून वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं.

"लिडी बोलली का?" तिने विचारलं.

"नाही." मग, "खुर्च्या किती?"

"ऐंशी," ती म्हणाली.

तो लावायला लागला. ती एक उचलायला वाकली, तर त्याने हलकेच तिच्या हातातून काढून घेतली.

त्या पहिल्या सोमवारी सकाळी, पहिल्या मसुद्याच्याही आधी, आर्मांद पत्र टाइप करूनच घेऊन आला होता: चार ओळी, लिडीचं नाव, मुलीचं नाव, आणि खाली शुभदाच्या सहीसाठी जागा.