साउताईकडचा स्कोप

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. साबणाच्या कारखान्यात तीस वर्षं वायरमन होतो. निवृत्त झाल्यावर जुने रेडिओ आणि ॲम्प्लिफायर जुळवायचा नाद लागला. पैसे मिळवून देणारा नाद नव्हे हा, उलट खिसा रिकामा करणारा. खिडकीजवळ एक टेबल, एक मीटर आणि माझे दोन कान, एवढ्यावर सगळा कारभार चालायचा. ॲम्प्लिफायर कुठे घरघरतोय, कुठे कुरकुरतोय, हे मी नुसतं ऐकून सांगायचो. त्याचा मला गर्वही होता.

गेल्या वर्षी एक ॲम्प्लिफायर पुरा केला, गाणं लावलं आणि डोळे मिटून बसलो. बायको, थोआ, स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, शिट्टी वाजतेय. मी म्हणालो, तुझ्या डोक्यात वाजत असेल. दुपारपर्यंत आमचं भांडण चाललं. शेवटी शेजाऱ्याला बोलावलं, तर त्यानेही शिट्टी ऐकून कानांत बोटं घातली. मला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरचे, बारीक आवाज गेलेत आणि ते आता परत यायचे नाहीत.

घरी येऊन मी टेबलावर चादर घातली. खरं सांगतो, बाप गेला तेव्हाही मी इतका गप्प बसलो नव्हतो.

एकच वाट उरली होती, ऑसिलोस्कोप. त्याच्या काचेवर आवाजाची लाट उमटते. कानाचं काम डोळ्याने करता येतं. नवा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून एका रविवारी सकाळीच आमच्या शहरातला न्यात ताओ बाजार गाठला. जपानातून भंगारात निघालेला माल तिथे किलोवर येतो, आणि त्यातून चालणारं वेचून आमच्यासारखे हौशी लोक घरी नेतात. साउताईच्या ठेल्यावर तीन स्कोप मांडलेले होते. ही बाई पन्नाशीची, गळ्यात चष्मा, बोलणं मोजकं. तिचा नियम असा की वस्तू गिऱ्हाइकासमोर चालू करून दाखवल्याशिवाय द्यायची नाही.

तिची अजून भवानी व्हायची होती. आमच्याकडे पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की दिवस वाया गेला असं समजतात, त्यामुळे शहाणी माणसं घ्यायचं पक्कं असल्याशिवाय सकाळी ठेल्यापाशी जात नाहीत. मी गेलो. स्कोप चालू करायला लावला, हिरवी रेघ बघितली, बटणं पिळली, अर्धा तास भाव पाडला आणि बघतो म्हणून चालता झालो. दहा पावलं गेलो नसेन तर जळक्या कागदाचा वास आला. वळून बघतो तर बाई पेटता कागद ठेल्यावरून ओवाळत होती. माझी पीडा घालवत होती! तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच परत आलो, मी काय भूत आहे का म्हणून विचारलं, आणि तिने सांगितला होता त्याच भावाला, पंधरा लाख डोंगला, स्कोप उचलला. रागाने खरेदी करणारा जगात मी एकटाच असेन.

बांधून देताना तिने सांगितलं, "जपानी माल आहे दादा. शंभर व्होल्टवर चालतो."

तीस वर्षं वायरमन होतो, दुसऱ्या कुणाला शिकव, असं मी तिला सुनावलं.

आता आमच्या घरी शंभर व्होल्टची सोय होतीच. थोआचा भाताचा कुकर जपानी होता, त्यासाठी मी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर बसवला होता. त्यावरून दोन सॉकेट काढली होती, एक स्वयंपाकघरात, एक टेबलापाशी. चुकू नये म्हणून दोन्हींवर थोआच्या नेलपॉलिशने लाल ठिपका दिला होता. माझं काम असं चोख. घरी आलो, चादर काढली, स्कोप मांडला, लाल ठिपका बघितला आणि प्लग खोचला. फट् असा आवाज झाला, एक धुराची रेघ निघाली आणि काच काळी ती काळीच.

रात्रभर मी साउताईला मनातल्या मनात शिव्या घातल्या. सकाळी स्कोप काखेत मारून पुन्हा तिच्या ठेल्यासमोर उभा. भवानी आजही झालेली नव्हती. भवानीच्या आधी माल परत आणणं म्हणजे कळसच. शेजारचा केबलवाला, लॉक नावाचा, तोंडावर म्हणाला की आज तर अख्खं वर्तमानपत्र जाळावं लागेल. मी आवाज चढवून सांगितलं की कुकरसाठी काढलेल्या शंभर व्होल्टच्याच सॉकेटला लावला, तरी तुमची वस्तू आपोआप मेली, मी काही केलं नाही.

साउताईने कागद पेटवला नाही. मला स्टूल दिलं, बर्फ घातलेली कॉफी मागवली आणि चष्मा लावून झाकण उघडलं. आत एक फ्यूज काळा पडला होता आणि एक चपटा निळा तुकडा फुटला होता. तिने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलंय हे मला तेव्हाच कळलं, पण नक्की काय कळलंय ते माझ्या ध्यानात येईना. लॉक मान लांब करून बघत होता. ती एवढं बोलली असती की दादांनी दोनशेवीसला लावलाय, तर बाजारभर हसं झालं असतं.

तिने हळूच विचारलं, "दादा, वहिनी हल्ली भात कशात शिजवतात?"

कशात म्हणजे, कुकरमध्ये. असं म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं. तेतच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या सणाला पोरीने आईला नवा कुकर दिला होता, इथलाच, दोनशेवीसवर चालणारा. जुना कुकर आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर मीच काढून भंगारवाल्याला दिला, सॉकेटच्या वायरी सरळ मेनला मीच जोडल्या. लाल ठिपके तेवढे राहून गेले होते.

मी खजील होऊन कॉफीत बघत राहिलो. मग काय झालं कुणास ठाऊक, कधी कुणाला न सांगितलेलं तिला सांगून टाकलं. कान गेलेत, हा चालला नाही तर टेबल कायमचं बंद, माझ्याकडे दुसरं काही नाही. एका मेलेल्या स्कोपमधून तसाच निळा तुकडा काढून तिने याला लावला, फ्यूज बदलला. हा तुकडा आधी मरतो म्हणून बाकीचं जगतं, एवढंच सांगितलं. मग तिच्या ट्रान्सफॉर्मरवर स्कोप लावला. हिरवी रेघ आली. माझ्या जिवात जीव आला.

तिने आवाज काढायचं एक यंत्र स्कोपला आणि एका स्पीकरला जोडलं आणि बटण हळूहळू फिरवत नेलं. आधी मला भोंग्यासारखा आवाज आला, मग बारीक झाला, मग गेला. मला वाटलं तिने बंद केलं. पण लॉकने दोन्ही कानांवर हात दाबले होते, समोरून जाणारी बाई तोंड वाकडं करत होती, आणि काचेवर लाट उभी होती. स्वच्छ, दाट, जराही न हलणारी.

"दिसतंय ना दादा?"

"दिसतंय," मी म्हणालो, आणि भर बाजारात माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. साउताई पाठ करून स्क्रू शोधत बसली. स्क्रू तिच्या हातातच होते.

मग मी उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मागितला. तिने भाव सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडातून चकार शब्द न काढता पैसे पुढे केले. तुकड्याचे आणि फ्यूजचे ती घेईना. भवानी तुमच्या हातची झाली, बस झालं, म्हणाली. त्या बाईचे उपकार मी या जन्मी विसरायचो नाही. हल्ली रविवारी मी मुद्दाम लवकर जातो, चार रेझिस्टर का होईना घेतो, आणि भाव करत नाही.

त्या दिवशी घरी येऊन आधी लाल ठिपके खरवडले. मग वर्षभर पडून असलेला ॲम्प्लिफायर लावला, त्याला स्कोप जोडला आणि थोआला हाक मारली.

"शिट्टी वाजतेय?"

"वाजतेय," ती जपून म्हणाली. तिला वाटलं मी पुन्हा भांडणार.

"हो, वाजतेय," मी म्हणालो. मोठ्या लाटेच्या अंगावर बारीक दातेरी काठ मला दिसत होता. एक कपॅसिटर बदलला, पुन्हा बघितलं. काठ गेला होता.

"थांबली," थोआ म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हणालो. ती स्टूल ओढून शेजारी बसली आणि आम्ही दोघांनी अख्खं गाणं ऐकलं.